न पटलेल्या ओळखीचे मोल

पक्षी ओळखणे ही क्रिया वरवर पाहता एका क्षणात पूर्ण होते. पण त्या क्षणात तीन वेगवेगळ्या गोष्टी घडत असतात. डोळ्यांना काही रंग, आकार आणि हालचाल दिसते, स्मृती त्या दिसण्याशी जुळणारे पूर्वीचे अनुभव पुढे करते, आणि बुद्धी या दोहोंचा मेळ घालून एका जातीचे नाव ठरवते. स्वच्छ उन्हात, फांदीवर निवांत बसलेल्या पक्ष्याच्या बाबतीत या तिन्ही पायऱ्या इतक्या भरभर ओलांडल्या जातात, की त्यांच्यातले अंतर पाहणाऱ्याला जाणवतही नाही. वादळी हवेत, पावसाच्या पडद्याआडून, चार-पाच सेकंदांपुरत्या दिसलेल्या समुद्रपक्ष्याच्या बाबतीत मात्र दिसलेले थोडे असते, आठवलेले पुष्कळ असते आणि नाव देण्याची घाई या दोहोंपेक्षा मोठी असते. प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन असे आहे की, अशा वेळी 'नेमकी जात ठरवता आली नाही' ही नोंद, ती का ठरवता आली नाही हे सांगून केलेली असेल, तर पूर्ण दर्जाचे ज्ञान असते. आणि जे दिसले ते व त्यावरून जे ठरवले ते वेगळे ठेवण्याची शिस्त कोलकाता शहराच्या वैज्ञानिक परंपरेत फार पूर्वीपासून रुजलेली आहे.

समुद्रपक्षी या शब्दाने येथे असे पक्षी अभिप्रेत आहेत, जे अंडी घालण्यापुरते बेटांवर येतात आणि उरलेले आयुष्य मुख्यतः समुद्रावर घालवतात. चोचीवर नळीसारख्या नाकपुड्या असलेले पेट्रेल आणि शिअरवॉटर, पाण्यात सूर मारणारे बुबी, दुसऱ्यांचे भक्ष्य हिसकावणारे फ्रिगेट पक्षी, आणि सुरय पक्ष्यांपैकी खोल समुद्रावर वावरणाऱ्या जाती यांत मोडतात. मराठीत इंग्रजी 'टर्न'ला सुरय आणि 'गल'ला कुरव म्हणतात. कोलकात्याचा या पक्ष्यांशी एरवी संबंध येत नाही, कारण शहर समुद्रकाठी वसलेले नाही. हुगळीचे पाणी शहराच्या दक्षिणेस शंभराहून अधिक किलोमीटर वाहत जाऊन सागर बेटाजवळ बंगालच्या उपसागराला मिळते. परंतु एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर या काळात उपसागरात उठणारी चक्रीवादळे हे अंतर काही तासांपुरते पुसून टाकतात. २० मे २०२० रोजी अम्फान वादळ ताशी १५५ ते १६५ किलोमीटर वेगाच्या वाऱ्यांसह बक्खालीजवळ किनाऱ्यावर आले आणि त्याच संध्याकाळी कोलकात्याच्या जवळून पुढे गेले. त्यानंतर दक्षिण बंगालमध्ये, समुद्रापासून दूर, सूटी टर्न या खोल समुद्रावरील सुरयाच्या नोंदी झाल्या. हा पक्षी घरटे सोडल्यापासून वीण करण्यासाठी परतेपर्यंतची काही वर्षे जवळजवळ अखंड हवेत घालवतो. असा पक्षी नदीकाठच्या झाडांवरून भेलकांडत जाताना दिसणे ही घटना पक्षिशास्त्राच्या दृष्टीने जितकी मोलाची, तितकीच चुकीच्या वाचनाला वाव देणारी आहे.

हे पक्षी शहरापर्यंत कसे पोहोचतात, याविषयीची जुनी समजूत अशी, की वारा त्यांना पाचोळ्यासारखा उडवून आणतो. जपानच्या समुद्रातील स्ट्रीक्ड शिअरवॉटर पक्ष्यांच्या पाठीवर यंत्रे बसवून अकरा वर्षे जमवलेली माहिती २०२२ मध्ये प्रसिद्ध झाली, तेव्हा या समजुतीला धक्का बसला. जमीन आणि तीव्र वादळ यांच्या कात्रीत सापडलेले यांतले काही पक्षी किनाऱ्यावर ढकलले जाण्याऐवजी वादळाच्या केंद्राच्या दिशेने उडत गेले होते, कारण त्यांच्यासाठी खरा धोका वाऱ्यापेक्षा जमिनीचा होता. बंगालच्या उपसागराचा आकार मात्र उत्तरेकडे बंद होत जाणाऱ्या पिशवीसारखा आहे. वादळाबरोबर उत्तरेस सरकणाऱ्या पक्ष्याला पुढे भारत आणि बांगलादेश यांचा सखल त्रिभुज प्रदेशच लागतो. वारा ओसरला की त्राण उरलेले पक्षी समुद्राची दिशा धरतात आणि थकलेले मरतात. म्हणून त्यांना पाहण्याची संधी वादळाच्या शेपटाशी, म्हणजे हवा सर्वांत वाईट असते त्याच सुमारास, मिळते. वाईट हवा ही येथे निरीक्षणातली आगंतुक अडचण मानता येत नाही. तिच्यावाचून हे निरीक्षणच शक्य नसते.

अडचणीचे स्वरूप साध्या गणिताने स्पष्ट होते. हावडा पुलाच्या परिसरात हुगळीचे पात्र सुमारे अर्धा किलोमीटर रुंद आहे. काठावर उभ्या असलेल्या निरीक्षकापासून ३०० मीटरवरून ४० सेंटिमीटर लांबीचा सुरय गेला, तर आठपट मोठे दाखवणाऱ्या दुर्बिणीतून तो पौर्णिमेच्या चंद्रबिंबाहून थोडाच मोठा दिसतो. अशा दुर्बिणीतून त्या अंतरावर सुमारे ४० मीटर रुंदीचा पट्टा दृष्टीत मावतो. वाऱ्याच्या साथीने सेकंदाला १५ मीटर जाणारा पक्षी, दुर्बीण स्थिर असेल तर, हा पट्टा तीन सेकंदांच्या आत ओलांडतो. आता ज्या खुणेवर निर्णय अवलंबून असतो, ती खूण पाहावी. सूटी टर्न आणि त्याचा जवळचा नातलग ब्रायडल्ड टर्न या दोघांच्याही कपाळावर पांढरा ठसा असतो. सूटीमध्ये तो डोळ्यापाशी थांबतो, तर ब्रायडल्डमध्ये अरुंद होत भुवईसारखा डोळ्याच्या मागे जातो. मागे गेलेला हा भाग एक सेंटिमीटर धरला, तर ३०० मीटरवरून, आठपट मोठा होऊनही, तो निरोगी मानवी डोळ्याच्या भेदनक्षमतेच्या अगदी सीमेवर येतो. भेदनक्षमता म्हणजे जवळजवळचे दोन बिंदू वेगळे दिसण्याची मर्यादा. स्वच्छ प्रकाशात जी गोष्ट जेमतेम दिसू शकते, ती भिजलेल्या भिंगातून, करड्या आभाळाखाली आणि वाऱ्याने थरथरणाऱ्या हातांनी दिसली असे कोणी सांगितले, तर त्या माणसाच्या सचोटीवर संशय घेण्याचे कारण नाही. परंतु त्याच्या स्मृतीने डोळ्यांचे काम उरकले असावे, हे मान्य करणे भाग आहे.

इतर खुणांची स्थिती याहून बरी नाही. सूटी टर्नची पाठ काळी आणि ब्रायडल्डची राखट तपकिरी असते, असे मार्गदर्शक पुस्तके सांगतात आणि ते खरेही आहे. पण ऊन, खारा वारा आणि काळ यांनी पिसे झिजली की काळा रंग तपकिरीकडे झुकतो, आणि झाकोळलेल्या आभाळासमोर पाठमोरी छायाकृती दिसली की तपकिरी रंगही काळा होतो. म्हणजे झीज एका जातीला दुसरीकडे नेते, आणि प्रकाश दुसरीला पहिलीकडे. ब्रायडल्डच्या मानेवरचा फिकट पट्टा आणि सूटीच्या पंखाखालचा पांढऱ्या-काळ्याचा ठळक भेद या खुणा अधिक भरवशाच्या मानल्या जातात. त्याही पक्षी कोणत्या कोनातून दिसला यावर अवलंबून असतात. सूटी टर्नचे पहिल्या वर्षातले पिल्लू तर वेगळीच अडचण निर्माण करते. ते बहुतांशी गडद तपकिरी असून पाठीवर पांढरे ठिपके असतात, आणि ठिपके न दिसण्याइतके ते दूर असेल, तर नॉडी या वेगळ्या सुरयाचा किंवा स्कुआ या लुटारू पक्ष्याचा भास होतो. एकाच जातीचे दोन पक्षी एकमेकांपासून इतके भिन्न आणि दोन जातींचे पक्षी एकमेकांशी इतके समान असतील, तर खुणांची यादी पाठ असणे पुरेसे ठरत नाही.

यावर अनुभवी निरीक्षकांचे उत्तर असे असते, की खुणा दिसल्या नाहीत तरी पक्ष्याची लकब दिसते. गावाकडच्या माणसाला बांधावरून येणारी व्यक्ती चेहरा दिसण्यापूर्वीच चालीवरून कळते, तसा पक्षीही बांधा, पंखांची ठेवण आणि उडण्याची ढब यांच्या एकत्रित ठशावरून कळतो. इंग्रजी पक्षिनिरीक्षकांत यासाठी 'जिझ' असा शब्द आहे आणि टी. ए. कॉवर्ड या ब्रिटिश निसर्गलेखकाने १९२० च्या दशकाच्या आरंभी तो प्रचारात आणला. लकबीने होणारी ओळख खोटी नसते. समुद्रावर वर्षानुवर्षे वावरलेल्या माणसाची नजर खरोखरच अशा ठशांनी घडते, आणि नवशिक्याला जेथे ठिपका दिसतो तेथे तिला पक्ष्याचे कूळ दिसते. परंतु या पद्धतीला एक अट आहे, जी फार वेळा विसरली जाते: लकब ही पक्ष्याची एकट्याची नसते, ती पक्षी आणि हवा यांची मिळून असते. पाण्याच्या पृष्ठभागाजवळ वारा मंद आणि वर तीव्र असतो. या फरकातून ऊर्जा मिळवून पंख न हलवता उडत राहणे शक्य आहे, हे लॉर्ड रेले यांनी १८८३ मध्ये दाखवून दिले. शिअरवॉटर याच तंत्राने उंच कमानी घेत जातो. तोच शिअरवॉटर वारा पडला की पाण्यालगत भरभर पंख मारत जातो, आणि नदीवर, जेथे लाटा व वाऱ्याचे थर समुद्रासारखे नसतात, तेथे थकून तिसऱ्याच पद्धतीने उडतो. शांत समुद्रावर शिकलेली लकब वादळी नदीवर लागू करणे म्हणजे आजारी माणसाच्या चालीवरून त्याची ओळख ठरवण्यासारखे आहे. ज्या परिस्थितीत खुणा दिसत नाहीत म्हणून लकबीचा आधार घ्यावा लागतो, त्याच परिस्थितीत लकबही बदललेली असते.

संशयाची ही रचना भारतीय तत्त्वचिंतनाला अपरिचित नाही. न्यायदर्शनात संशयाचे प्रसिद्ध उदाहरण संध्याप्रकाशात दुरून दिसणाऱ्या उभ्या आकृतीचे आहे: तो झाडाचा खुंट आहे की माणूस? नैयायिकांनी या अवस्थेचे विश्लेषण करताना तिचे तीन घटक सांगितले. दोन्ही वस्तूंना समान असलेला धर्म, येथे उंची, दिसतो. त्यांना वेगळे करणारा विशेष धर्म, म्हणजे हातपाय किंवा ढोली, दिसत नाही. आणि तरीही दोन्ही विशेष धर्मांचे स्मरण मनात जागे असते. हुगळीवरचा गडद पाठीचा सुरय ही हुबेहूब तीच स्थिती आहे. काळसर पाठ, पांढरे पोट आणि दुभंगलेली शेपटी हे समान धर्म दिसले; कपाळाच्या ठशाची लांबी दिसली नाही; आणि दोन्ही जातींची चित्रे मनात उभी राहिली. या विश्लेषणाचे महत्त्व असे, की त्यात संशयाला अज्ञानाहून वेगळे स्थान मिळते. ज्याला काहीच ठाऊक नाही त्याला संशय येत नाही. दोन्ही शक्यता आणि त्यांच्यातला निर्णायक भेद ज्याला ठाऊक आहे, त्यालाच तो येऊ शकतो. कोलकात्याच्या उत्तरेस, याच नदीच्या वरच्या अंगाला असलेल्या नवद्वीपात रघुनाथ शिरोमणींसारख्या पंडितांनी नव्यन्यायाची परंपरा भरभराटीला आणली, आणि ज्ञान कोणत्या विशेषणासह व कोणत्या मर्यादेत खरे आहे हे काटेकोर भाषेत मांडण्याची सवय बंगालच्या विद्वत्तेला लावली. 'सूटी किंवा ब्रायडल्ड टर्न. कपाळाचा ठसा दिसला नाही' ही नोंद त्या सवयीला साजेशी आहे.

येथे एक गंभीर आक्षेप विचारात घ्यावा लागतो. निरीक्षक कधीच कोऱ्या मनाने पाहत नाही. कोणत्या ठिकाणी, कोणत्या ऋतूत, कोणता पक्षी संभवतो हे त्याला आधीपासून ठाऊक असते, आणि या पूर्वसंभाव्यतेचा आधार घेणे अशास्त्रीय नाही. ब्रायडल्ड टर्न किनाऱ्याच्या तुलनेने जवळ वावरतो आणि सूटी खोल समुद्रावर. तेव्हा भर उपसागरात जन्मलेल्या वादळानंतर दिसलेला संशयास्पद सुरय सूटी मानण्यात गैर काय, असा हा आक्षेप आहे. त्याचे उत्तर दोन भागांत देता येते. पहिले असे, की वादळ हे पूर्वसंभाव्यतेचे गणितच उलथून टाकते. ज्या नोंदींवरून ठिकाण आणि ऋतू यांचे नियम बनले, त्या नोंदी शांत हवेतल्या आहेत, आणि वादळानंतरची जत्रा त्या नियमांबाहेरची आहे. दुसरे उत्तर अधिक महत्त्वाचे आहे. वादळे सूटी टर्न आणतात म्हणून संशयित पक्षी सूटी लिहिला, आणि पुढच्या पिढीने त्याच नोंदींच्या आधारे वादळे सूटी टर्न आणतात असे मानले, तर निष्कर्ष आणि पुरावा एकमेकांच्या खांद्यावर उभे राहतात. भारतीय तर्कशास्त्रात याला अन्योन्याश्रय दोष म्हणतात. पूर्वसंभाव्यता वापरावी, मात्र ती वापरली हे नोंदीत सांगावे, म्हणजे पुढच्या अभ्यासकाला ती वजा करता येईल.

ही सगळी अनिश्चितता टाळण्याचा एक मार्ग एकोणिसाव्या शतकाने शोधला होता, तो म्हणजे पक्षी मारून हाती घेण्याचा. ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम यांनी १८७० च्या दशकात सुरू केलेले 'स्ट्रे फेदर्स' हे नियतकालिक कोलकात्यातून प्रसिद्ध होत असे. अंदमान-निकोबार, लक्षद्वीप आणि सिंधच्या किनाऱ्यावरील त्यांच्या सफरींनी भारतीय समुद्रपक्ष्यांच्या अभ्यासाला पाया दिला. पर्शियन शिअरवॉटर ही जात त्यांनीच वर्णिली. १८८५ मध्ये त्यांनी ब्रिटिश म्युझियमला दिलेल्या संग्रहात कातडी आणि अंडी मिळून ८० हजारांहून अधिक नमुने होते. हातातला नमुना मोजता येतो, पुन्हा पाहता येतो आणि शंभर वर्षांनी दुसऱ्याला तपासता येतो, हे त्याचे सामर्थ्य निर्विवाद आहे. परंतु नमुना हा पक्ष्याचा पुरावा आहे, त्याच्या ठिकाणाचा नाही. इंग्लंडमध्ये हेस्टिंग्ज या गावाच्या परिसरातून १८९२ ते १९३० या काळात दुर्मीळ पक्ष्यांच्या असंख्य नोंदी झाल्या होत्या आणि त्यांतील अनेकांना नमुन्यांचा आधार होता. १९६२ मध्ये जॉन नेल्डर या संख्याशास्त्रज्ञाने त्या नोंदींची तुलना शेजारच्या भागांशी आणि नंतरच्या काळाशी केली, तेव्हा त्यांचे प्रमाण विश्वासार्ह नसल्याचे दिसून आले आणि त्या काळातील शेकडो नोंदी रद्द करण्यात आल्या. पक्षी खरे होते. ते तेथे सापडल्याची कहाणी विश्वासार्ह नव्हती. हाती आलेली वस्तूही अखेर माणसाच्या निवेदनावरच उभी असते, हा त्या प्रकरणाचा धडा आहे.

आज बंदुकीची जागा कॅमेऱ्याने घेतली आहे, आणि छायाचित्र नसेल तर नोंद नाही, असा कल वाढत आहे. छायाचित्रामुळे निर्णयात इतरांना भाग घेता येतो, हा मोठाच लाभ आहे. तथापि मंद प्रकाशात कॅमेरा डोळ्याइतकाच, कधी डोळ्याहून अधिक, फसवतो: करड्या आभाळाची उजळी सावरताना तो पक्ष्याला काळा करतो, किंवा पक्ष्याला उजळ करताना पांढऱ्या ठशाच्या कडा पसरवतो, आणि वेगाने हलणारे पंख लांबट, अस्पष्ट करून त्यांची ठेवणच बदलतो. अशा चित्रातील भुवई ही पक्ष्याची आहे की भिंगावरच्या थेंबाची, हे चित्राला सांगता येत नाही. शिवाय चित्राच्या हट्टामुळे निरीक्षक जे चार सेकंद पाहण्यात घालवू शकला असता, ते कॅमेरा रोखण्यात खर्च होतात, आणि पंखांची चाल, उडण्याची उंची, पाण्याशी असलेले वर्तन ही चित्रात न मावणारी माहिती कायमची जाते. चित्र हा एक साक्षीदार आहे. त्याचीही उलटतपासणी झाली पाहिजे, आणि त्याच्या गैरहजेरीत इतर साक्षी आपोआप खोट्या ठरू नयेत.

मग वाईट हवेतल्या तुटक निरीक्षणांतून विश्वासार्ह ज्ञान उभे राहू शकते का? कोलकात्याने या प्रश्नाचे उत्तर एकोणिसाव्या शतकातच, आणि तेही वादळांच्याच संदर्भात, दिलेले आहे. हेन्री पिडिंग्टन हे कोलकात्यात स्थायिक झालेले माजी नाविक बंगालच्या उपसागरातून गेलेल्या जहाजांच्या नोंदवह्या गोळा करून वादळांवरचे निबंध एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध करीत. वादळात सापडलेल्या कोणत्याही कप्तानाला वादळ दिसत नसे. त्याला एका वेळी एका दिशेचा वारा, वायुभारमापकातला उतार आणि आपल्या जहाजाची जागा एवढेच ठाऊक असे. परंतु एकाने वायव्येचा, दुसऱ्याने त्याच वेळी नैर्ऋत्येचा आणि तिसऱ्याने पूर्वेचा वारा लिहिला होता, म्हणून त्या नोंदी नकाशावर मांडता आल्या आणि वारा एका केंद्राभोवती फिरतो हे दिसले. सापाच्या वेटोळ्याचा अर्थ असलेल्या ग्रीक शब्दावरून पिडिंग्टन यांनी त्याला 'सायक्लोन' हे नाव दिले, आणि १८४८ च्या त्यांच्या नाविकांसाठीच्या पुस्तकातून ते जगभर गेले. त्या कप्तानांनी वाऱ्याची दिशा न लिहिता 'भयंकर वादळ' असा निष्कर्ष तेवढा लिहिला असता, तर शंभर वह्या जमवूनही हाती काही लागले नसते. पक्ष्यांच्या नोंदींना हा न्याय तंतोतंत लागू होतो. 'सूटी टर्न' हा निष्कर्ष आहे. 'सकाळी सात वाजता, पाऊस चालू असताना, गडद पाठीचा, पांढऱ्या पोटाचा सुरय दक्षिणेकडे गेला' ही वाऱ्याची दिशा आहे.

दुसरा धडा विसाव्या शतकातला आहे. १९१६ मध्ये कोलकात्यात स्थापन झालेल्या भारतीय प्राणिशास्त्र सर्वेक्षण संस्थेचे पहिले संचालक नेल्सन ॲनंडेल यांनी १९२० च्या भारतीय विज्ञान परिषदेच्या नागपूर अधिवेशनात प्रशांतचंद्र महालनोबिस यांच्यापुढे एक काम ठेवले: कोलकात्यातील अँग्लो-इंडियन लोकांच्या शरीरमापांचे विश्लेषण. त्यातून सुरू झालेल्या विचारांची परिणती १९३६ मधील 'महालनोबिस अंतर' या कल्पनेत झाली. दोन गट एकमेकांपासून किती दूर आहेत हे अनेक लक्षणांवरून मोजताना, ती लक्षणे एकमेकांशी कितपत बांधलेली आहेत याचा हिशेब या मापात होतो. उंच माणसाचे हातही लांब असतात. म्हणून उंची आणि हाताची लांबी हे दोन सुटे पुरावे धरता येत नाहीत. पावसातल्या सुरयाबाबत हीच चूक वारंवार होते. पाठ काळी दिसली आणि पंखाखालचा भेदही ठळक दिसला, म्हणजे दोन पुरावे मिळाले असे वाटते. पण दोन्ही गोष्टी मागून येणाऱ्या एकाच उजेडामुळे दिसल्या असतील, तर तो एकच पुरावा दोनदा मोजलेला असतो. खुणांची संख्या वाढल्याने आत्मविश्वास वाढतो, आणि त्या खुणा एकाच कारणातून आलेल्या असतील तर तो आत्मविश्वास पोकळ असतो.

महालनोबिस यांचे कार्य येथेच थांबले नाही. १९२२ ते १९२६ या काळात ते अलीपूरच्या वेधशाळेत हवामानशास्त्रज्ञ होते, आणि निरीक्षणातील चुकांचा अभ्यास हा त्यांच्या विचारांचा स्थायी भाग बनला. १९३१ मध्ये स्थापन झालेल्या भारतीय संख्याशास्त्र संस्थेच्या पाहण्यांत, बंगालमधील तागाच्या पिकाची मोजणी करताना, त्यांनी एकाच प्रदेशातून स्वतंत्रपणे निवडलेले नमुने वेगवेगळ्या गटांकडे सोपवण्याची पद्धत आणली, म्हणजे दोन गटांच्या उत्तरांतील फरकावरून माणसाच्या चुकीचा अंदाज घेता येई. चूक लपवण्याची वस्तू न राहता मोजण्याची वस्तू झाली. नदीकाठी उभ्या असलेल्या दोन निरीक्षकांना हे सहज साधण्यासारखे आहे: एकमेकांशी बोलण्यापूर्वी प्रत्येकाने दिसलेले लिहून काढावे. एकाने मोठ्याने नाव उच्चारले की दुसऱ्याच्या स्मृतीत ते नाव शिरते, आणि मग दोन साक्षी उरत नाहीत, एकाच साक्षीचा प्रतिध्वनी उरतो. १९५४ मध्ये संख्याशास्त्राच्या पायाविषयी लिहिताना महालनोबिस यांनी जैनांच्या स्याद्वादाची आठवण केली, ज्यात प्रत्येक विधान एका विशिष्ट दृष्टीपुरते खरे मानले जाते आणि काही गोष्टी सांगता न येण्याजोग्या असतात हेही विधानातच सामावून घेतले जाते. ज्ञानाची मर्यादा ज्ञानाच्या आत लिहिणे, ही त्या विचाराची शिकवण आहे.

या सर्वांतून नोंदीचा एक साधा आराखडा तयार होतो. वेळ, जागा, वाऱ्याची दिशा, उजेड कोणत्या बाजूने होता, पक्षी किती अंतरावर व किती सेकंद दिसला, हे आधी यावे. मग कोणती लक्षणे दिसली आणि, तितकेच महत्त्वाचे, कोणती पाहण्याचा प्रयत्न करूनही दिसली नाहीत, हे यावे. नाव सर्वांत शेवटी यावे, आणि ते पुराव्याला पेलेल त्या पातळीवर थांबावे: कधी जात, कधी दोन जातींपैकी एक, कधी फक्त 'शिअरवॉटर' एवढेच. बंगालीत कुरव आणि सुरय या दोघांनाही सर्वसामान्य बोलण्यात 'गांगचिल' म्हटले जाते. ज्याला तेवढेच दिसले त्याने तेवढेच लिहिले, तर त्याची नोंद चुकीने नेमक्या नावाच्या नोंदीपेक्षा अधिक खरी असते. स्थूल पण खरी नोंद पुढे सूक्ष्म करता येते. सूक्ष्म पण खोटी नोंद एकदा नकाशावर गेली, की तिला शोधून काढणे फार कठीण होते.

अशा अर्धवट नोंदींनी वह्या भरून काय साधणार, असे विचारले जाईल. न्यूझीलंड स्टॉर्म पेट्रेल या वादळी पेट्रेलची हकीकत याचे उत्तर देते. ही जात एकोणिसाव्या शतकातील तीन नमुन्यांवरूनच ज्ञात होती आणि नामशेष मानली जात होती. जानेवारी २००३ मध्ये न्यूझीलंडच्या उत्तर भागातील समुद्रावर दिसलेला एक पक्षी ज्ञात जातींच्या वर्णनात नीट बसेना. तो सोयीच्या नावाखाली दडपला गेला नाही. त्याची चित्रे आणि वर्णन चर्चेत राहिले, त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये असे अनेक पक्षी पुन्हा दिसले, आणि २०१३ मध्ये लिटल बॅरिअर बेटावर त्यांची वीणही सापडली. जे बसत नाही ते बसत नाही असे लिहून ठेवल्यामुळे एक जात मृतांच्या यादीतून परत आली.

बंगालच्या उपसागरातील समुद्रपक्ष्यांविषयीचे ज्ञान आजही विरळ आहे, आणि चक्रीवादळे या ज्ञानाची एक क्रूर पण अपरिहार्य खिडकी आहेत. अम्फाननंतर दोनच आठवड्यांनी, ३ जून २०२० रोजी, निसर्ग वादळ अलिबागजवळ किनाऱ्यावर आले, आणि कोकणच्या किनाऱ्यावर तर दर पावसाळ्यात थकलेले बुबी आणि सुरय सापडतात; म्हणून हा प्रश्न महाराष्ट्रातील निरीक्षकांचाही तितकाच आहे. समुद्र तापत असताना कोणत्या जाती कुठे होत्या आणि कुठे उरल्या, हे पुढच्या पिढ्या आजच्या वह्यांवरूनच ठरवतील, आणि त्या वह्यांत खात्रीचा आव आणलेला असेल तर त्यांना आजचा समुद्र कधीच कळणार नाही. आपल्या जगापासून तुटून, परक्या नदीवर, कदाचित आयुष्यातले शेवटचे उड्डाण करणाऱ्या पक्ष्याला पाहणाऱ्यावर त्याचे एक देणे असते. ते देणे त्याला नाव देऊन फिटत नाही. तो जेवढा दिसला तेवढाच, दिसला तसाच, लिहून ठेवल्याने फिटते. वादळात सापडलेल्या कप्तानांनी वारा ज्या दिशेने आला ती दिशा लिहिली, आणि वादळाचा आकार त्यांच्या पश्चात कोलकात्यात उलगडला. हुगळीच्या काठी भिजत उभ्या असलेल्या निरीक्षकाकडूनही पक्षिशास्त्राला एवढेच हवे आहे.